बटणावरचं कुंकू

तेजश्रीनं कमरेचं कव्हर सोडलं आणि कामाच्या फळीवर ठेवलं. अंगावर खाकी, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे.

कमरजहाँनं हातातली आरी बाजूला केली. पिस्तुलाचं ते चामडी कव्हर तिच्याच हातचं होतं. शिवून महिनाही झाला नव्हता. डाव्या कमरेला लावायचं, डाव्या हातानं पिस्तूल उपसायचं. असलं कव्हर माजलगावच्या मोंढ्याच्या बाजारासमोरच्या त्या दुकानात आजवर कुणी मागितलं नव्हतं. म्हणून तिनं टाकाही जरा जास्तच मायेनं घातला होता.

"उसवलं का गं?"

"उसवलं असतं तर बरं झालं असतं, आपा," तेजश्री म्हणाली. "काल चांदमारीला माझं मॅगझिन पडलं."

बीडच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांचं गोळीबाराचं मैदान आहे, तिथं दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी ही परीक्षा होती. पिस्तूल भरून कव्हरात घालायचं, एक गुडघा टेकून बसायचं, शिट्टी वाजली की उठून उपसायचं आणि मारायचं. तेजश्री बसली, उठली, उपसलं. पहिली गोळी सुटली आणि त्या हिसक्यासरशी गोळ्यांचं मॅगझिन मुठीतून निसटून तिच्या बुटापाशी मातीत पडलं. पुढं नुसताच चाप ओढत राहिली बिचारी. शेजारच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं.

"मी बटण दाबलंच न्हाई, आपा. आईची शपथ. पण साहेब म्हणले, डाव्या हाताचा अंगठा लागला असंल. आता सोमवारी शेवटची संधी. अन् ती बी उजव्या हातानं."

"उजव्या हातानं किती लागतात?"

"धा गोळ्यांतल्या चार." तिनं नाक ओढलं. "सात लागत्यात पास व्हायला."

त्या सातांवर काय टांगलं होतं ते कमरला ठाऊक होतं. दिवाळीच्या पुढंमागं आष्टी-पाटोद्याकडून ट्रॅक्टर भरभरून ऊसतोडीची माणसं साखर कारखान्यांच्या तळांवर उतरतात. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, उभ्या राहतात आणि कोपीला दार नसतं. या वर्षी त्या तळांवर फिरायला एक पथक निघणार होतं, चार बायकांचं. बाईनं बाईपाशी जाऊन बसायचं, काही त्रास आहे का विचारायचं आणि त्रास देणारा असेल तर त्याच्यापुढं उभं राहायचं. तेजश्री स्वतः असल्याच एका कोपीत जन्मली होती. पथकाचं नाव ऐकल्यापासून तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. पण पथकाला पिस्तूल होतं, आणि पिस्तुलाला दहातल्या सात.

आतल्या बाजेवरून खोकल्याचा आवाज आला. पाशा, कमरचे अब्बा, उठून बसले. सत्तरी उलटली, हात कापतात म्हणून आता ते टाका घालत नाहीत. पण दुकानाचा कान अजून तेच.

"चामड्याचा काय दोष, मॅडम?" ते तिथूनच म्हणाले. "बंदूक तीच. नंबर तेवढा नवा."

कमरनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर सुतळीला बांधून बाभळीची पिस्तुलं टांगलेली होती, अकरा. सरकारी हत्यार दुकानात ठेवून घेता येत नाही. माणूस येतो, घटकाभर दाखवतो, घेऊन जातो. कव्हर तर ओल्या चामड्याला दाबून, वाळवून, दोन दिवसांत आकार घेणार. म्हणून पाशांनी तरुणपणीच युक्ती काढली होती: हत्याराचं माप घ्यायचं आणि बाभळीत हुबेहूब कोरायचं. त्याला ते जुळं म्हणत. बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे करणारा हा माणूस. बैल कमी झाले तसा पोलिसांच्या पट्ट्या-कव्हरांवर आला. हात तोच, फक्त अंग बदललं.

तेजश्रीच्या पिस्तुलाचं जुळं मात्र कोरलंच नव्हतं. पथकासाठी आलेली नवी पिस्तुलं ही जुन्या आखूड पिस्तुलाचीच पुढची पिढी. सुग्रीव हवालदाराच्या जुन्या पिस्तुलाचं जुळं भिंतीवर होतंच. अब्बा म्हणाले, तेच घे, फक्त चामडं उलट्या अंगानं चढव. कमरनं तसंच केलं होतं. पिस्तूल बसलंही होतं सुळकन, कुठं अडलं नाही, कुठं हललं नाही.

तिनं कव्हरात बोटं घालून पाहिली. गुळगुळीत. तरीही तिनं ती पुन्हा एकदा आत फिरवली.

"सुग्रीवमामांना बोलाव," ती म्हणाली. "म्हणावं, तुमचं बी घेऊन या. दोन्ही शेजारी ठेवून बघायचीत मला."

*

सुग्रीव हवालदार दुपारी आले. ठाण्यातल्या शस्त्रांच्या खोलीची किल्ली त्यांच्या पट्ट्याला, मिश्या पांढऱ्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आल्याआल्या बाजेकडं बघून म्हणाले, "काय पाशाभाई, जित्ते हाव अजून?"

"तुझी पेन्शन बघूनच जातो बे," पाशा म्हणाले.

सुग्रीवनं दार पुढं केलं. दोन्ही पिस्तुलं भिंतीकडं तोंड करून एकेक रिकामी केली: मॅगझिन काढलं, वरचं सरकतं पान मागं ओढलं, नळीत बोट घालून पाहिलं. मग तेजश्रीला दाखवलं, मग कमरला. "रिकामं?" "रिकामं." "रिकामं?" "रिकामं." असं दोनदा म्हणून घेतल्यावरच त्यांनी ती धुतल्या फडक्यावर शेजारी-शेजारी निजवली.

एका आईच्या दोन लेकी, असंच कुणीही म्हणालं असतं. दोघी काळ्या, दोघी आखूड, तळहाताच्या थोड्या पुढं जाणाऱ्या.

"ही माझी थोरली," सुग्रीव म्हणाले. "पंधरा वर्षं झाली. पावसात भिजली, धुळ्ळ्यात लोळली, एकदा तर सिंदफणेच्या गाळात पडलती. कधी नडली न्हाई. अन् ही धाकटी. लई गुणाची म्हणत्यात. आमाला तर काय फरक दिसत न्हाई."

"तुमचा चष्मा कुठंय मामा?" तेजश्री म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या आवाजात थोडं मीठ आलं होतं.

कमरनं मेणाचा दोरा काढला. ती पट्टीनं मापत नसे. दोरा लावायचा, नखानं खूण करायची, दुसऱ्याला लावायचा. दोरा खोटं बोलत नाही. लांबी लावली. सारखी. उंची लावली. सारखी. पण दोरा फिरता फिरता डोळ्यांना एकेक दिसू लागलं.

थोरलीचं तोंड चौकोनी, धाकटीचं कडांना घासून गोल केलेलं. "कव्हरात शिरताना अडू नये म्हणून," सुग्रीव पुटपुटले. थोरलीच्या सरकत्या पानाला मागंच खाचा, धाकटीला पुढंही. ओल्या हातानं ओढताना बोट घसरू नये. थोरलीच्या नेमाच्या खुणा पांढऱ्या, धाकटीची पुढची खूण हिरवी, अंधारलं तरी दिसावी अशी. धाकटीच्या पोटात दोन गोळ्या जास्त मावत होत्या आणि तरी पोट सुटलेलं नव्हतं. मुठीच्या पाठीला लावायची पट्टी तिच्यासोबत जाड-बारीक अशी वेगवेगळी आली होती. तेजश्रीच्या पिस्तुलाला सगळ्यात बारीक बसवली होती.

"चाप?" कमरनं विचारलं.

सुग्रीवनं दोन्हींचे चाप ओढून पाहिले, थोरलीचा, मग धाकटीचा, मग पुन्हा थोरलीचा. मिशीवरून हात फिरवला. "थोरलीचा ओढून न्यावा लागतो. हिचा सुटतो कधी ते बोटाला अगोदर कळतंय. खोटं कावून बोलू?"

"द्या इकडं," पाशा म्हणाले.

दोन्ही पिस्तुलं त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी डोळे मिटले. कापणारे हात लोखंडावर टेकले तसे थांबले; दुकानात सगळ्यांनीच ते पाहिलं. थोरलीची मूठ त्यांनी धरली. तिला बोटांसाठी उंचवटे होते, लाटांसारखे. मग धाकटीची. ती सपाट होती.

"थोरली बोटांना जागा वाटून देती," ते म्हणाले. "तू हितं बस, तू तिथं बस. अन् ही म्हणती, बसा बाबांनो जिथं बरं वाटंल तिथं." त्यांनी पिस्तूल उजव्या हातातून डाव्यात घेतलं. पुन्हा उजव्यात. "हिला हाताची जात कळत न्हाई. कोणताबी हात हिला आपलाच."

तेजश्रीनं मान खाली घातली. "आईनं मला ताटापुरतं उजव्याचं वळण लावलं," ती हळूच म्हणाली. "लिहायला मास्तरांनी लावलं, छडी मारून. कोयता तेवढा डाव्यातच राह्यला. फडात कुणाला वेळ होता वळण लावायला?"

कमरनं धाकटी परत घेतली आणि दोरा आडवा लावला, मूठ जिथं पिस्तुलाच्या अंगाला मिळते तिथं. थोरलीवर केलेली खूण इथं जुळली नाही. दोरा कमी पडला.

तिनं पुन्हा लावला. पुन्हा कमी पडला.

मॅगझिन सोडायचं बटण. थोरलीचं बटण डाव्या अंगाला, बसकं, मसुराच्या डाळीएवढं. उजव्या हाताच्या माणसाचा अंगठा तिथं पडतो म्हणून तिथं. धाकटीचं बटण काढून हव्या त्या अंगाला बसवता येत होतं, आणि तेजश्रीसाठी सुग्रीवनंच ते काढून उजव्या अंगाला बसवलं होतं, तिच्या डाव्या अंगठ्याखाली. शिवाय ते रुंद होतं आणि वर उचललेलं.

कमरनं कव्हर उचललं. बाहेरच्या अंगाला, बटणासाठी सोडलेला जुना फुगवटा तसाच होता, थोरलीच्या बटणाचा. त्यात आता काहीच राहत नव्हतं. आणि आतल्या अंगाला, कमरेकडच्या, जिथं आता बटण होतं, तिथं चामडं दाबून दाबून सपाट केलेलं.

तिनं रापी घेतली आणि कव्हराचा टाका कापायला सुरुवात केली.

"अगं, अगं!" सुग्रीव म्हणाले. "चांगलं कव्हर हाय ते!"

टाका सर्र उसवत गेला. चामडं पुस्तकासारखं उघडलं. बाहेरच्या पानावरचा फुगवटा आतून कोरा होता, कुणी न राहिलेल्या खोलीसारखा. आणि आतल्या पानावर, सपाट चामड्यावर, एक लाल गोल उमटला होता. बाईच्या कपाळावरच्या कुंकवाएवढा. तसाच गोल, तसाच गडद.

"या अल्ला," कमर म्हणाली.

सुग्रीवनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "हे कुंकू हाय," ते म्हणाले. "मीच लावलंय. खंडेनवमीला. दरसाल लावतो, ठाण्यातल्या सगळ्या हत्यारांना."

"बटणावर?"

"थोरलीच्या मुठीवर लावतो. लाटांच्या फटीत बसतं, वर्षभर जात न्हाई, हे बघ." थोरलीच्या मुठीत खरंच पंधरा दसऱ्यांचं लाल साचलेलं होतं. "धाकटीची मूठ सपाट. म्हणलं हितं तर लगेच पुसून जाईल. बटण खडबडीत हाय, त्याच्यावर टिकंल. म्हणून लावलं बटणावर. चुकलं का काय माझं?"

"तुमचं न्हाई चुकलं," कमर म्हणाली. "तुमच्यामुळं माझं कळलं."

तिनं सुग्रीवकडून रिकामं मॅगझिन चढवून घेतलं, उसवलेलं कव्हर पिस्तुलाला नुसतं गुंडाळून तेजश्रीच्या डाव्या कमरेशी धरलं आणि तिला म्हणाली, "बस. तिथं बसलीतीस तशी." तेजश्रीनं उजवा गुडघा टेकला, डावा वर. वर आलेली मांडी कव्हराला खालून भिडली, कव्हर कमरेत रुतलं, आणि कमरच्या मुठीत काहीतरी बारीक चटकन झालं. मॅगझिन सुटलं होतं. पडलं नव्हतं, नुसतं सुटलं होतं. एका हिसक्याची वाट बघत.

कमरनं ते सगळ्यांपुढं धरलं. बाहेर हमाल कुणाला तरी शिव्या घालत होते.

"बंदूक तीच, नंबर नवा," पाशा स्वतःशीच म्हणाले. "म्हणलं कोण? मीच."

*

नवं जुळं कमरनं त्याच दिवशी कोरायला घेतलं. सुग्रीवनं पिस्तुलं परत नेली होती, पण दोऱ्यावरच्या नऊ खुणा तिच्याकडं होत्या. बाभळीचा तुकडा, पटाशी, कानस. गोल तोंड, सपाट मूठ, आणि उजव्या अंगाला उचललेलं बटण. बटण तिनं तीनदा कोरलं.

शुक्रवारी चामडं कोमट पाण्यात भिजवलं. शनिवारी सकाळी तेजश्री सुट्टी टाकून आली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. मदत करायला काही नव्हतं, पण घरी बसवत नव्हतं.

"इथं काय करणार?" कमर चामडं जुळ्यावर चढवत थांबली होती. बटणापाशी. "फुगवटा ठेवला तरी मांडीच्या दाबानं चामडं आत येणारच."

पाशा बाजेवरून बघत होते. "बैलाच्या वशिंडाला जुवाच्या घासण्यानं आवाळूची गाठ आली, तर पट्टा कसा करतो आपण?"

कमरनं वळून पाहिलं.

"आवाळूवर मऊ कातडं लावत न्हाई," ते म्हणाले. "लोकं लावत्यात, अन् ते अजून चिघळतं. आपण तिथं पट्टाच ठेवत न्हाई. खिडकी ठेवतो. जिथं दुखतं तिथं चामड्यानं जाऊच नये."

रापी फिरली. कमरेकडच्या अंगाला अर्ध्या चंद्राच्या आकाराची खिडकी पडली, तिच्या कडेला चामड्याची दुहेरी पाळ, दाब पाळीवर यावा म्हणून. बटण खिडकीत बसलं. ना चामड्याला लागत होतं, ना कमरेला. मग कमरनं हाडाची पट्टी घेतली आणि ओलं चामडं जुळ्यावर घासायला लागली. या कामाला ताल लागतो, नाहीतर हात मध्येच दाबतो, मध्येच सोडतो. तालासाठी ती नेहमी काहीबाही जुळवत असे.

"डाव्या गं अंगाला, घर बांधिते चामड्याचं,
खिडकी ठेविते मोठी, दार ठेविते मापाचं."

उंबऱ्यावर तेजश्री हसली. मग तिनंही, रस्त्याकडं बघत, लाजत, दोन ओळी जोडल्या:

"डाव्या गं हाताला, नावं ठेविती गावात,
त्याच गं हातानं आई, ऊस बांधिती मोळीत."

"आई बी डावी?" कमरनं विचारलं.

"हौ. मुकादम चिडवायचा. पण तिची मोळी कधी सुटली न्हाई." ती जरा थांबली. "आपा, कव्हर मस्त होईल. पण साहेब उजव्यानंच मारायला लावणार. राहू द्या आता. मी उजव्याचा सराव करते दोन दिवस. चाराच्या पाच होतील."

"पाचावर पास करतात?"

तेजश्रीनं मान हलवली, नाही म्हणून.

"मग सोमवारी मी येते," कमर म्हणाली. "चांदमारीला. ते उसवलेलं कव्हर घेऊन. साहेबाला दाखवते, चूक हिच्या हाताची न्हाई, माझ्या हाताची हाय."

बाजेवर खोकला झाला. "पन्नास वर्षांचं दुकान हाय," पाशा म्हणाले. "जिल्ह्यातले निम्मे पट्टे आपले. सगळ्यांपुढं जाऊन म्हणणार, आमी चुकलो?"

"मग काय म्हणू, अब्बा?"

हाडाची पट्टी चामड्यावर सर्र सर्र फिरत राहिली. पाशा उठले. भिंतीला धरत धरत गेले, सुतळी सोडून सुग्रीवच्या पिस्तुलाचं जुनं जुळं काढलं आणि कमरच्या पिशवीत ठेवलं.

"दोन्ही ने," ते म्हणाले. "थोरली दाखवल्याबिगर धाकटी कळत न्हाई. अन् सांग, म्हातारा म्हणाला होता म्हणावं. पोरीनं ऐकलं."

*

सोमवारी चांदमारीवर ऊन कोवळं होतं आणि डोंगरावर अजून हिरवा रंग टिकून होता. पोलिसांच्या रांगा, टेबल, पाण्याचे जार. निरीक्षक विजयसिंह टेबलापाशी यादी बघत होते. सुग्रीवनं कमरला पुढं आणलं तेव्हा त्यांनी आधी तिच्याकडं, मग तिच्या पिशवीकडं पाहिलं.

"या कोण?"

"साहेब, कव्हरं शिवत्यात. माजलगावच्या पाशाभाईंची मुलगी."

"पाशा? माझा पहिला पट्टा त्यांच्याकडचा." साहेब सैल झाले. "काय काम काढलं?"

कमर ठरवून आणलेली सगळी वाक्यं विसरली. तिनं पिशवी उघडून टेबलावर तीन वस्तू ठेवल्या: जुनं जुळं, नवं जुळं आणि उसवलेलं कव्हर.

"साहेब, गेल्या बारीला ह्या मॅडमचं मॅगझिन पडलं, ते हाताच्या चुकीनं न्हाई पडलं. कव्हर मी शिवलं. ह्या जुन्या मापावर शिवलं. नव्याचं बटण ह्या अंगाला, अन् जागा मी सोडली त्या अंगाला. चूक माझी हाय."

साहेबांनी लाल गोलावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"खंडेनवमीचं कुंकू, साहेब," सुग्रीव म्हणाले. "बटणाला मीच लावलतं. बटण इथं घासलं म्हणून इथं उमटलं. त्याला जागाच नव्हती."

विजयसिंहांनी दोन्ही जुळी हातात घेऊन फिरवली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "कुंकवावर मी माझा निर्णय बदलू?" ते म्हणाले. "करून दाखवा."

सुग्रीवनं पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, साहेबांना दाखवली, रिकामं मॅगझिन चढवलं. उसवलेल्या कव्हराला कमरनं तिथंच उभ्या उभ्या कच्चे टाके मारले. तेजश्रीनं ते लावलं, गुडघा टेकला, उठली, उपसलं आणि गोळीचा हिसका बसावा तसा मनगटाला झटका दिला. मॅगझिन मातीत. पुन्हा. मॅगझिन मातीत. तिसऱ्यांदा साहेब स्वतः वाकून बघायला बसले, कव्हराला कान लावल्यासारखे, आणि त्यांना ते चटकन झालेलं ऐकू आलं.

मग नवं कव्हर. बसली, उठली, उपसलं. त्याच झटक्यासह एकदा, दोनदा, पाच वेळा. मॅगझिन मुठीत.

रांगेत कुणी हसलं नाही.

साहेब उठले, गुडघ्याची धूळ झटकली. "मी अंगठा म्हणालो होतो," ते तेजश्रीला म्हणाले. "अंगठा नव्हता. कोणत्या हातानं मारायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. दहातल्या सात मात्र तेवढ्याच."

"हो साहेब," तेजश्री म्हणाली, आणि पट्टा डाव्या कमरेला सरळ केला.

कमरला मागं, दोरीच्या पलीकडं उभं केलं. कानावर हात ठेवायला सांगितलं, पण तिनं पदर घट्ट धरला होता आणि हात मोकळे नव्हते. तेजश्री बसली. डावी मांडी वर आली, कव्हर कमरेत रुतलं. खिडकी, कमर मनात म्हणाली, खिडकी.

शिट्टी.

डावा हात खाली गेला आणि वर आला. त्यात काही घाई नव्हती. उसाला कोयता लागावा तसा तो हात गेला, जिथं जायचं तिथंच. एक. दोन. तीन. डोंगरावरून आवाज परत येत होते. चार. पाच.

आणि मॅगझिन खाली पडलं.

कमरनं ते पाहिलं. बुटापाशी मातीत, गेल्या वेळेसारखंच, काळं. ती दोरीला धरून पुढं वाकली. "मामा! पडलं ओ!"

"गप गं," सुग्रीव तिच्या कानाशी म्हणाले. त्यांचा आवाज मात्र हसरा होता. "पडलं न्हाई. पाडलं तिनं. पाचानंतर बदलायचं असतंय. बघ की."

तेजश्रीचा डावा अंगठा बटणावरून अजून उठत होता. उजव्या हातानं दुसरं मॅगझिन वर आलं, बसलं, आणि ती पुन्हा सुरू झाली. सहा. सात. आठ. नऊ. दहा.

धूर विरला. मग निशाणाचा कागद आणला. सुग्रीवनं चष्मा लावून खडूनं एकेक भोक मोजलं, आणि मोजून झाल्यावर पुन्हा सुरुवातीपासून मोजलं.

"आठ, साहेब."

साहेबांनी यादीवर खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं. एवढंच. तेजश्री खाली वाकून मातीतलं मॅगझिन उचलत होती. फुंकर मारून तिनं त्याची धूळ झटकली, आणि तशीच वाकलेली असताना तिनं डाव्या हाताची पाठ डोळ्यांवरून फिरवली.

कमर टेबलावरची जुळी पिशवीत भरायला लागली. जुनं तळाला, नवं वर. तेवढ्यात रांगेतून एक मुलगी निघून तिच्यापाशी आली. तेजश्रीनं सांगितलेली, त्या दिवशी हसलेली ती हीच, हे कमरला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, स्वप्नाली.

"आपा," ती खाली बघत म्हणाली, "मी बी डावीच हाय. भरतीपासून कुणाला सांगितलं न्हाई. उजव्यानं कशीबशी सात मारते." तिनं इकडं तिकडं पाहिलं. "मला बी शिवून द्याल का? खिडकीवालं?"

कमरनं पिशवी खाली ठेवली आणि मेणाचा दोरा काढला.

"हात दाखव," ती म्हणाली. "अन् पिस्तूल मामांकडून रिकामं करून आण. या बारीला आधी तुझं बघते, मग कोरायला घेते."